दुखण्याला टक्के किती?

वहिनींनी पहाटे निघताना एक गोळी खाल्ली. पुढे जे काही झालं ते त्या गोळीमुळे झालं, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही. पण ते ओघाने येईलच.

थोरले बंधू आणि वहिनी आमच्या मूळ गावी, परभणी जिल्ह्यात दुधनेच्या काठी राहतात. दीड एकर कोरडवाहू, पिवळं रेशन कार्ड आणि दोघांची मजुरी. मी तालुक्याच्या गावी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. घरात लिहिता-वाचता माणूस म्हणून गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज माझ्या हातचे असतात. कर्जमाफीचे, विहिरीचे, घरकुलाचे, पीकविम्याचे. तेव्हा वहिनींचा अर्ज मी लिहिला यात नवल काहीच नाही. नवल याचं की, इतके अर्ज लिहूनही 'दुखतं' या शब्दाला सरकारी कागदावर कुठल्या रकान्यात जागा असते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. ती नसतेच.

निमित्त असं झालं. संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यात १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने हातपाय गळालेली माणसं, अशांना तिच्यातून दरमहा काही रक्कम मिळते. ती २०१९ साली एक हजार झाली, २०२३ साली दीड हजार, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांपुरती अडीच हजार. ('अपंग' हा शब्द २०१५ नंतर कागदावरून हळूहळू गेला आणि 'दिव्यांग' आला. वहिनी मात्र अजून 'अपंगाचा दाखला'च म्हणतात. आपल्या अंगात दिव्य असं काही आहे, हे त्यांना पटणं अवघड आहे.) अडीच हजारांची बातमी पारावर आली तेव्हा शेजारची एक बाई म्हणाली, "अक्का, तुमचं तर किती वर्सांपासून दुखायलंय, तुम्ही कामून अर्ज करंनात?"

अटी दोन महत्त्वाच्या. अपंगत्व किमान ४० टक्के हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. मी भागाकार करून पाहिला. दिवसाला १३७ रुपये येतात, अख्ख्या कुटुंबाचे मिळून. या दुसऱ्या अटीत बसायला आम्हाला काही अडचण आली नाही.

टक्क्यांचा दाखला २०२१ पासून सगळीकडे ऑनलाइन अर्ज करूनच मिळतो. सेवा केंद्रावरच्या पोराने माहिती भरायला घेतली आणि अपंगत्वाच्या प्रकारापाशी येऊन तो थांबला. कायद्यातले एकवीस प्रकार समोर होते. त्याने वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "सर, ह्यात दुखणं नाही. अस्थिव्यंग टाकू का?" मी म्हटलं, टाक.

तपासणीच्या दिवशी पहाटे चारला वहिनी उठल्या. गावापासून फाट्यापर्यंत पायी, तिथून तालुक्याची गाडी, पुढे दुसरी गाडी. एसटीच्या बाकावर अर्धा तास बसलं की त्यांच्या कमरेतून कळ निघते ती पार टाचेपर्यंत जाते. म्हणून त्यांनी गोळी खाल्ली. खेड्यातल्या प्रत्येक किराणा दुकानात जी मिळते तीच, पांढऱ्या-गुलाबी पट्टीतली. दहाच्या सुमारास आम्ही रांगेत उभे राहिलो, साडेबाराला नंबर आला. तोवर गोळी चांगली भिनली होती.

डॉक्टर तरुण होते, अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही हे आधीच सांगून टाकतो. बाहेर शंभर माणसं ताटकळत असताना त्यांनी वहिनींना पंधरा मिनिटं दिली.

"मावशी, हात वर करा." हात वर गेला.

"मूठ वळा." वळली, जरा सावकाश.

"खाली बसा. आता उठा." वहिनी टेबलाचा कोपरा धरून उठल्या. ओठ आत दाबलेला होता, पण उठल्या.

मग त्यांनी एक मोठा कोनमापक लावून गुडघा किती वाकतो, खांदा किती वळतो ते मोजलं. क्ष-किरणाचा फोटो उजेडापुढे धरला. रक्ताचे कागद चाळले. वयाच्या मानाने गुडघ्यांची झीज आहे, बाकी विशेष काही नाही, असं म्हणाले. थोड्या वेळाने पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, ह्यांना त्रास आहे हे मला दिसतंय. पण मला तक्त्यावर जावं लागतं." तक्त्याप्रमाणे वहिनींचं अपंगत्व १२ टक्के भरलं.

नव्या नियमांत कार्डाला रंग आहेत. चाळीसच्या आत असेल तर पांढरं, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि त्यापुढे निळं. रेशन कार्डाचेही रंग आपल्याकडे आहेत. तिथे पिवळं गरिबाचं आणि पांढरं खाऊनपिऊन सुखी माणसाचं. वहिनींनी रंगांचा हा खुलासा ऐकला आणि विचारलं, "म्हंजे मी दुखण्यातली सावकार झाले का, भाऊजी?"

वहिनींच्या दुखण्याची सुरुवात २००६ सालची. मराठवाड्यातल्या वाचकांना त्या वर्षाची ओळख करून द्यायला नको. आपल्या आठवणीत घराघरात एकाच वेळी खाटा टाकायला लावणारी साथ तीच. चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. माणसाला वाकवून टाकणारा, असा त्याचा अर्थ. १९५२-५३ साली टांगानिकात हा ताप प्रथम ओळखला गेला. आपल्याकडे १९६३ साली कलकत्त्यात आणि १९७३ साली आपल्या बार्शीत त्याची साथ आली होती. मग बत्तीस वर्षं तो जणू गडपच झाला, आणि २००५-०६ मध्ये परत आला तेव्हा एकट्या २००६ साली देशात १४ लाखांच्या आसपास संशयित रुग्णांची नोंद झाली. आमच्या गावात त्या वर्षी माणसं काठी टेकत शेताकडे जाताना दिसायची, पंचविशीतली पोरंसुद्धा. बहुतेक सगळी काही आठवड्यांत सरळ झाली. काहींचे सांधे मात्र महिनोन्महिने, वर्षानुवर्षं धरलेलेच राहतात, हे आता वैद्यकशास्त्रालाही ठाऊक आहे. वहिनी तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. सकाळी उठल्यावर त्यांची मूठ उघडत नसे. थोरला मुलगा आईची बोटं एकेक करून सरळ करी आणि मग शाळेला जाई. मी त्याला उशिरा आल्याबद्दल दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. कारण मला नंतर कळलं.

सगळाच दोष त्या तापाचा नसेल. कापूस वेचणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून समजणार नाही. कमरेला ओटी बांधायची, ती भरत जाते तसं तिचं ओझं पुढे ओढू लागतं, आणि त्या ओझ्यासकट दिवसभर कमरेत वाकून चालायचं. त्यात बोंडांची टोकं बोटांना लागतात ती वेगळीच. वहिनी हे वयाच्या नवव्या वर्षापासून करीत आल्या आहेत. तेव्हा ताप, वाकणं, तीन बाळंतपणं, कुणाचा वाटा किती हे आता कोण सांगणार? दुखणं मात्र एकच आहे, आणि ते वीस वर्षं मुक्कामाला आहे.

आता तो तक्ता. घरी आल्यावर मी तो शोधून वाचला. मास्तरकीची खोड, दुसरं काय. अस्थिव्यंग कसं मोजावं याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने २००१ साली प्रसिद्ध केली आणि नवा कायदा आल्यावर २०१८ साली नव्याने काढली. पाठीच्या कण्याच्या दुखण्याबद्दल त्यांत पायऱ्या आहेत. रुग्ण दुखतं म्हणतो, पण स्नायू आखडलेले नाहीत आणि तपासणीत रचनेचा दोष दिसत नाही, तर शून्य टक्के. दुखणं आहे, कणा ताठर आहे आणि क्ष-किरणात सौम्य बदल आहेत, तर २०. बदल मध्यम असतील तर २५. कण्याच्या एखाद्या भागात तीव्र असतील तर ३०. आणि संपूर्ण कणा तीव्र बिघडलेला दिसला तर ४०. म्हणजे ज्याचा मानेपासून माकडहाडापर्यंतचा अख्खा कणा गेलेला आहे तो माणूस उंबरठ्याला जेमतेम टेकतो! मधल्या सगळ्यांनी बाहेर उभं राहायचं.

म्हणून म्हणतो, त्या पहाटेच्या गोळीने फारसं काही बिघडलं नाही. गोळी खाल्ली नसती तर खांदा दहा अंश कमी वळला असता, बाराचे पंधरा झाले असते. दुखण्याची किंमतच जिथे आधी शून्य छापलेली आहे, तिथे गोळी ती आणखी किती कमी करणार?

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला थोडी लाज वाटते. २०११ साली माझ्याही कमरेत कळ आली. मांडीच्या मागून पोटरीत उतरणारी, खुर्चीवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी आणणारी. फोटोत काही दिसलं नव्हतं. डॉक्टर ओळखीचे, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीवर मी दीड महिना वैद्यकीय रजेवर घरी होतो. अर्धपगारी रजा परिवर्तित करून पूर्ण पगार घेतला. परत गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी माझा सहावीचा वर्ग माडीवरून खाली आणला होता आणि शिपायाने पाठीला आधाराची खुर्ची कुठून तरी मिळवून ठेवली होती. 'खरंच दुखतं का?' असं मला कुणी विचारलं नाही. माझा खांदा कुणी कोनमापकाने मोजला नाही. वहिनी त्या दीड महिन्यात दोनदा मला भेटायला आल्या. एकदा मटकीची उसळ आणि ज्वारीच्या भाकरी घेऊन आल्या होत्या, आणि माझ्या पायांना तेल लावून गेल्या. स्वतःच्या दुखऱ्या बोटांनी. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पगारदार माणसाचं दुखणं शब्दावर चालतं. मजुराच्या दुखण्याला फोटोत उमटावं लागतं. रजेच्या नियमांत आणि दाखल्याच्या नियमांत हा फरक कुणी मुद्दाम केला असेल असं मी म्हणत नाही. दोन्ही नियम वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या काळी केले. पण एकाच घरातल्या दोघा माणसांना ते लागू झाले की फरक डोळ्यांत भरतो.

यावर उत्तर ठरलेलं आहे, आणि ते मीही आयुष्यभर दिलं आहे. दुखणं दिसत नाही, तेव्हा शब्दावर विश्वास ठेवला तर उद्या सारा गाव दुखतं म्हणून उभा राहील. ही भीती पोकळ नाही. २०२४ साली आपल्याच राज्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून देशभर गदारोळ झाला होता. शिक्षकांच्या बदल्यांत सवलत मिळावी म्हणून अचानक बहिरी झालेली, अचानक लंगडू लागलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. बदली रद्द झाली की त्यांना कुजबुजही ऐकू यायची. पण जरा विचार करा. या मंडळींना कधी कागद कमी पडला का? फोटो, अहवाल, शिक्के, सगळं त्यांच्याकडे चोख असतं. तक्ता त्यांना अडवत नाही, कारण तक्ता कागदाला ओळखतो आणि कागद कसा करायचा हे त्यांना येतं. तो अडवतो वहिनींना, ज्यांना नाटक करता येत नाही. नाटक येत असतं तर त्या गोळी खाऊन आल्या नसत्या, विव्हळत आल्या असत्या.

दुखणं मोजताच येत नाही, हेही आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. रोनाल्ड मेल्झॅक या कॅनडातल्या संशोधकाने रुग्ण आपल्या वेदनेचं वर्णन कोणत्या शब्दांत करतात ते गोळा करून १९७५ साली एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात ७८ शब्द आहेत. रुग्णाने आपल्याला लागू पडतील ते निवडायचे. ही माहिती वाचली तेव्हा मला आपली मराठी आठवली. कळ, चमक, सळक, ठणका, रग, उसण, शूळ, ठुसठुस, कसकस, आग, मुंग्या, ओढ, भणभण. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ठणका म्हणजे ठणकाच; उसण भरली म्हटलं की ऐकणाऱ्याला जागा आणि तऱ्हा दोन्ही कळतात. वहिनी कधीच नुसतं 'दुखतं' म्हणत नाहीत. "रातच्याला ठणका लागतो, पहाटं रग आसती, अन् वाकलं की सळक येती," असं त्या डॉक्टरांना सांगत होत्या. कागदावर काय उतरलं? 'सांधेदुखी'. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान दिलं आहे. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस दुखतं म्हणतो त्या म्हणण्याचा मान राखला पाहिजे, असं सोबतच्या टिपांत नमूद केलं. हे सगळं आमच्या तक्त्यापर्यंत यायचं आहे.

आमच्या जिल्ह्यात एक म्हण आहे. जगात जर्मनी, भारतात परभणी. तिच्या उगमाच्या कथा पारापारावर वेगळ्या आहेत आणि बहुतेक वेळा ती आम्ही स्वतःचीच थट्टा करायला वापरतो. या प्रकरणात मात्र मला ती खरोखरच तपासून पाहावीशी वाटली. अपघात झालेल्या कामगाराला विम्यातून पैसे द्यायचे, ही रीत बिस्मार्कच्या जर्मनीने १८८४ साली घातली. काम न होणाऱ्या माणसाचा आणि म्हाताऱ्याचा विमा १८८९ साली आणला. तिथेही आज अपंगत्वाला अंक देतात, वीसपासून शंभरपर्यंत, आणि पन्नासला तीव्र अपंगत्व मानतात. म्हणजे तक्ता त्यांचाही आहेच. पण २००९ पासून लागू असलेल्या त्यांच्या तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की, प्रत्येक व्याधीसमोर दिलेल्या अंकात त्या व्याधीबरोबर सामान्यतः येणारी वेदना धरलेली आहे, आणि वेदना नेहमीपेक्षा फार जास्त असेल तर तिचा वेगळा विचार करून अंक वाढवायचा. तिथेही भांडणं होतात, लोक कोर्टात जातात. पण वेदनेचा विचार करायचाच, एवढं तरी ठरलेलं आहे. ब्रिटनमध्ये २०१३ साली आलेल्या एका भत्त्याच्या तपासणीत तर मला फार शहाणा वाटणारा एक प्रश्न आहे. हे काम तुम्हाला जमतं का, एवढं विचारून ते थांबत नाहीत. ते सुरक्षितपणे, नीट, वाजवी वेळात आणि पुन्हापुन्हा जमतं का, असं विचारतात.

पुन्हापुन्हा! सगळं गुपित त्या शब्दात आहे. वहिनींना खाली बसता येतं का? येतं. एकदा. दिवसातून चाळीस वेळा बसता येतं का, आणि दुसऱ्या दिवशी परत चाळीस वेळा? हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही, कारण तक्त्यात तो प्रश्न नाही.

आपला कायदा मात्र तक्त्याइतका कोता नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि ते एकवीस झाले. त्यांत सिकलसेल आला. विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्यांनी हे रुग्ण पाहिले आहेत त्यांना माहीत आहे की, या आजारात हाडं-सांधे पिळवटून काढणाऱ्या वेदनेचे झटके येतात आणि मधल्या दिवसांत माणूस धडधाकट दिसतो. म्हणजे येऊन-जाऊन असणारी, वरून न दिसणारी वेदना कायद्याच्या दारातून एकदा आत आलेली आहे. शिवाय या कायद्याची अपंग व्यक्तीची व्याख्याच अशी आहे की, दीर्घकाळ टिकणारी उणीव आणि समाजातले अडथळे मिळून ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, तो अपंग. तिच्यात टक्का कुठेही नाही. टक्का येतो तो पुढे, लाभ देताना.

हा फरक सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात नीट उलगडून सांगितला. परीक्षेला बसणाऱ्या या तरुणाचा हात दिसायला ठीक, पण लिहायला घेतलं की आखडायचा. चाळीस टक्के भरत नाहीत म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला होता. चाळीस टक्क्यांची अट कायद्यात काही विशिष्ट लाभांसाठी आहे, ती सगळीकडे लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी वैद्यकीय प्रवेशाच्या ओमकार गोंड खटल्यात, नुसता टक्क्यांचा आकडा पाहून कुणाला अपात्र ठरवू नका, तो माणूस काय करू शकतो ते तपासा, असा निर्णय झाला. अर्थात ही दोन्ही प्रकरणं शिकणाऱ्या, परीक्षा देणाऱ्या माणसांची. निराधार अनुदान हे चाळीसच्या अटीतलंच आहे, तेव्हा त्या निकालांनी वहिनींचं काम आपोआप होत नाही, हे मला कळतं. पण माणूस काय करू शकतो ते पाहा, हा विचार डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला लागू आणि कापूस वेचणाऱ्या बाईला गैरलागू, असं कसं?

आणि ते पाहायला फार खर्चही नाही. मी मंडळापुढे जाताना एक पिशवी नेली होती. तीत वहिनींच्या वह्या होत्या. वेचणीची मजुरी किलोवर असते. मापात मारतात असा वहिनींना पहिल्यापासून संशय; म्हणून रोजचं वजन त्या घरी येऊन लिहून ठेवायला लावत. त्यांना स्वतःला लिहिता येत नाही. आधी थोरल्या मुलाने लिहिलं, मग मुलीने, आता नातू लिहितो. अक्षरं बदलत गेलेल्या त्या वह्यांत २००४ साली रोजचे ४५, ४८, कधी ५२ किलो आहेत. २००७ साली ३० च्या आसपास. मध्ये काही वर्षं ३५ पर्यंत चढले आहेत. गेल्या हंगामात १४, ११, एक दिवस ९, आणि मग तीन दिवस नुसती आडवी रेघ. याहून सरळ मोजमाप कोणतं हवं? ते एका दिवसाचं नाही, वीस हंगामांचं आहे. आणि ते लिहिलं तेव्हा अपंगाच्या दाखल्याचा विचारही कुणाच्या मनात नव्हता.

डॉक्टरांनी वही हातात घेतली. चार-पाच पानं उलटली. नातवाने एका पानावर आजीचं चित्र काढलं आहे, तिथे ते थोडं हसले. मग वही मला परत देत म्हणाले, "हे जोडायला जागा नाही, सर."

जागा करा, एवढंच माझं मागणं आहे. बाईच्या गावची आशा कार्यकर्ती तिला आठवड्यातून दोनदा पाहते. तिला दोन ओळी लिहू द्या. माणसाला एकदाच बोलावू नका, दोन वेळा बोलावा, एकदा हंगामात आणि एकदा हंगामानंतर. कायमचा दाखला द्यायला मन धजत नसेल तर मुदतीचा द्या. ती सोय आहेच. मजुरीची वही, रोजगार हमीची हजेरी, दुकानातल्या गोळ्यांची उधारी, गावात माणसाच्या दुखण्याच्या नोंदी नको तितक्या असतात. ज्याला लबाडी करायची आहे त्याला एक फोटो मिळवणं सोपं आहे. वीस वर्षांच्या, तीन हस्ताक्षरांतल्या वह्या मिळवणं सोपं नाही.

परतताना कचेरीच्या आवारात एका ओळखीच्या गृहस्थांनी चौकशी केली. सगळं ऐकून घेऊन ते अगदी आपुलकीने म्हणाले, "सर, भाऊ नसते तर विधवेत लगेच बसलं असतं हो." वहिनी काही बोलल्या नाहीत. गाडीत बसल्यावर, गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हणाल्या, "ह्यांचं आयुष्य अडीच हजाराला मागायलाय, मेला."

कुणी विचारील, २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार मिळतात ना? मिळतात. त्या पैशांनी घरातलं तेल-मीठ चालतं आणि वहिनी ते नाकारणार नाहीत. पण ते बहीण म्हणून, बाई म्हणून मिळतात, आणि पासष्टाव्या वर्षी थांबतात. एकदा मी हाच मुद्दा काढला. वहिनी शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "ती ओवाळणी झाली, भाऊजी. वीस वर्सं मह्या हाताला काम झालं नाही, ते कुठं धरलंय त्यात?"

कायद्याच्या ५९ व्या कलमात दाखल्याविरुद्ध अपिलाची सोय आहे. मी अर्ज लिहून ठेवला आहे. या वेळी वह्यांच्या छायाप्रती जोडल्या आहेत, जागा असो वा नसो. परवा सही-अंगठ्यासाठी गावी गेलो. वहिनींनी अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि जरा वेळाने म्हणाल्या, "ह्या बारीला गोळी खाणार नाही मी."

"मग एसटीत बसणार कशा?"

"उभ्यानं येते."